एकट्याने नाव ट्रॉलीवर चढवायची असेल तर विंच शेवटी घ्या

पवनी तालुक्यातल्या एका मच्छीमार भावाने विचारले आहे. त्यांची १४ फुटी फायबरची नाव आहे, मागे लहान इंजिन. गावातल्या वेल्डरने बनवलेली अँगलची दोनचाकी ट्रॉली आहे आणि ओढायला छोटा ट्रॅक्टर. कधी वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात जाळे टाकतात, कधी गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात. आजवर लहान भाऊ हाताशी होता, आता तो कामासाठी पुण्याला गेला. एकट्याने नाव चढवताना ती वाकडी येते, तळ अँगलला घासतो आणि कंबर धरते. त्यांचा प्रश्न असा: कोणते विंच (हँडल फिरवून पट्टा ड्रमवर गुंडाळत नाव ओढणारे यंत्र) घेऊ, आणि हीच ट्रॉली सुधारू की नवी बनवू?

भाऊ, विंच घ्याच, पण सगळ्यात शेवटी. माझे वर्कशॉप आहे. शेतीच्या ट्रॉल्या आणि लोखंडी बंड्या हा मूळ धंदा, आणि अलीकडे मच्छीमार मंडळींच्या नावांच्या ट्रॉल्याही बऱ्याच येतात. दुरुस्तीला येणाऱ्या ट्रॉलीवर बहुतेक वेळा विंच चांगले असते, पण नाव जिथे टेकते ती जागा जशीच्या तशी कोरी लोखंडी. त्यावर जोर वाढवला की जोर नाव चढवण्यात जात नाही, नाव फाडण्यात जातो. पुढची कडी उपटते, तळाचे जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत थर, निघते, आतले फायबर पाणी पिऊ लागते. म्हणून आधी नाव सहज घरंगळली पाहिजे, मग ती सरळ आली पाहिजे, आणि त्यानंतर तिला ओढणारे काहीतरी हवे. हा क्रम उलटा केला तर पैसे दोनदा जातात.

थोडा हिशोब करू, म्हणजे कुठे किती जोर जातो ते कळेल. तुमची नाव रिकामी १३० किलोच्या आसपास धरा. इंजिन, पेट्रोलची टाकी, ओले जाळे, नांगर, वल्ही मिळून २०० किलो. मासळीचे क्रेट आणि बर्फाची पेटी नेहमी आधी उतरवा, ते वजन यात धरलेले नाही. काठाचा उतार सहाला एक धरू, म्हणजे ६ फूट गेल्यावर १ फूट खाली. अशा उतारावर २०० किलोची नाव वर ओढायला नुसत्या चढासाठी ३३ किलोचा जोर लागतो. एवढा एक माणूस दोर धरून काढू शकतो. पण ओले फायबर कोऱ्या अँगलवर घासत येते तेव्हा घर्षणाचे आणखी ८० किलो त्यात पडतात. झाले ११० च्या वर. तुमची कंबर धरते ती या ८० किलोंमुळे, चढामुळे नाही. हेच ओझे चांगल्या रोलरवरून आणले तर घर्षण १० ते २० किलोंवर येते आणि एकूण जोर ५० च्या आसपास राहतो. चढ आपल्याला कमी करता येत नाही, घर्षण करता येते.

तर पहिला खर्च रोलरवर. तळाच्या मधोमध जो कणा असतो, तो ज्या रेषेत येतो त्या रेषेत चार किंवा पाच रोलर बसवा. सगळ्यात मागचा रोलर सगळ्यात महत्त्वाचा, कारण नावेचे नाक पहिल्यांदा त्यावर टेकते आणि त्या क्षणी बराच भार एकट्या त्यावर असतो. तो रुंद घ्या, मध्ये खोलगट म्हणजे डमरूच्या आकाराचा, आणि त्याचा शाफ्ट २० मिलिमीटरच्या खाली नको. मागच्या आडव्या पट्टीच्या पुढे नको, तिच्याही थोडा मागे काढा, नाहीतर नाव आत येताना पट्टीची धार तळाला लागते. बाकीचे रोलर अडीच-तीन फुटांच्या अंतराने. त्यांची उंची दोरी ताणून जुळवा. एखादा रोलर सुतभरही वर राहिला तर सगळे वजन त्यावरच येते आणि फायबर तिथे दबते. म्हणून रोलरचे कान थेट वेल्ड करू नका. उभ्या लांबट भोकांच्या पट्ट्या करा, बोल्टने वरखाली करता येतील अशा.

रोलर रबराचे किंवा पॉलियुरेथेनचे घ्या. नागपूरला मिळतात, मागवताही येतात. कोळसा खाणींच्या भागात भंगारात कन्व्हेयरचे लोखंडी रोलर मिळतात, त्यांचे बेअरिंग बंदिस्त असते आणि फिरतातही छान. पण उघडे लोखंड फायबरला लावू नका, वरून जाड रबरी नळी घट्ट चढवा. लोखंडी पाईपवर सायकलची ट्यूब गुंडाळून केलेले रोलर मात्र पहिल्याच हंगामात उसवतात आणि ट्यूबचा चिखल होऊन रोलर जाम होतो. जाम झालेला रोलर कोऱ्या अँगलइतकाच वाईट.

कण्याला रोलर झाले, आता दोन्ही बाजूंना आधार. नाव ट्रॉलीवर बसल्यावर ती डुलू नये आणि खड्ड्यात तिचे वजन एकाच रेषेवर आपटू नये म्हणून दोन लांब फळ्या लागतात. सागाची ४ बाय २ इंची फळी पुरते. तिच्यावर लोक गालिचा ठोकतात. गालिचा नावेला ओरखडे पडू देत नाही हे खरे, पण आपल्या तलावांचे पाणी गढूळ. त्यात रेती अडकते आणि वर्षभरात तो गालिचा कानस होतो. माझी पद्धत वेगळी आहे. तुषार सिंचनाचे काळे एचडीपीई पाईप आपल्याकडे कोणाच्याही वावरात पडलेले असतात. ७५ मिलिमीटरचा पाईप लांबीत चिरा, उन्हात तापवून जरा उघडा आणि फळीवर उलटा बसवा. ओले फायबर त्यावरून सुळकन सरकते. स्क्रूची डोकी पाईपच्या पृष्ठभागाच्या आत गेली पाहिजेत, आणि शक्यतो स्क्रू कडेने मारा, जिथे तळ टेकत नाही. पांढरा पीव्हीसी पाईप यासाठी घेऊ नका, उन्हात तडकतो आणि तडकल्यावर त्याची धार सुरीसारखी लागते. भातगिरणीचा जुना रबरी पट्टाही फळीवर ठोकतात. तो टिकाऊ आहे, पण रबर ओल्या नावेला धरून ठेवते. पुढच्या फूटभर भागात, नाव बसल्यावर हलू नये म्हणून, तो चांगला. मागे नको.

इथे एक धोका आहे आणि तो नीट समजून घ्या. रोलर आणि एचडीपीई झाल्यावर तुमची नाव चढायला जितकी हलकी होईल तितकीच उतरायलाही. पूर्वी काठावर पोचण्याआधीच नावेच्या नाकाला अडकवलेला हुक काढून ठेवायची सवय असेल तर ती सोडा. उतारावर हुक काढला की नाव मागे सुटेल, खाली पाणी असो वा दगड. हा हुक आणि नावेचे नाक ट्रॉलीला बांधणारी सुरक्षेची साखळी, दोन्ही नावेचा मागचा भाग तरंगू लागेपर्यंत निघता कामा नयेत.

आता नाव वाकडी येते त्याचे. दोघे असतात तेव्हा एक ओढतो, दुसरा बाजूने धरून सरळ ठेवतो. तो दुसरा माणूस म्हणजे दोन उभे खांब. ट्रॉलीच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर दीड इंची जीआय पाईपचे खांब उभे करा, नावेच्या काठापेक्षा फूटभर उंच. दोन खांबांमधले अंतर नावेच्या सर्वांत रुंद भागापेक्षा दोन-तीन इंच जास्त, म्हणजे प्रत्येक बाजूला इंच-दीड इंच मोकळे. त्यावर मोठ्या मापाचा पीव्हीसी पाईप सैल घाला, वरून टोपी लावा. नाव खांबाला टेकली की बाहेरचा पाईप फिरतो आणि नाव मध्ये वळते. दुपारी जलाशयावर वारा सुटतो तेव्हा रिकाम्या नावेचे बूड पानासारखे फिरते, त्या वेळी या खांबांची खरी किंमत कळते. दुसरा फायदा ट्रॅक्टरवर बसल्यावर दिसतो: रिकामी ट्रॉली मागे घेताना ती सीटवरून दिसत नाही, खांब दिसतात. त्यांना लाल-पांढरी चकाकणारी पट्टी लावा. खांब ट्रॉलीला वेल्ड न करता यू-बोल्टने कसा, कारण पहिल्या एक-दोन वेळांत ते आतबाहेर सरकवावे लागतीलच.

रोलर, फळ्या, खांब एवढे झाल्यावर एकदा विंचशिवाय नाव चढवून पाहा. बऱ्याच जणांचे काम इथेच भागते.

भागले नाही, तर आधी नावेची पुढची कडी तपासा. आपल्याकडच्या फायबर नावांना पुढे वर, काठाजवळ एक कडी असते. ती नाव काठाला बांधण्यासाठी असते, ओढण्यासाठी नाही. वरच्या कडीला ओढले तर नाक खाली दाबले जाते आणि ते रोलरवर चढण्याऐवजी त्याला अडते. ओढायची कडी खाली हवी, नाकाच्या उभ्या धारेवर, वरून साधारण दोन-तृतीयांश खाली. १० किंवा १२ मिलिमीटरचा स्टेनलेस यू-बोल्ट आरपार घाला. आतून प्लायवूडचा जाड तुकडा आणि रुंद वॉशर, भोकात सीलंट भरून. नुसत्या नटावर फायबर सोडले तर पहिल्याच जोराला भोक मोठे होते. हे काम नाव पूर्ण कोरडी असताना करा.

मग विंच. हाताच्या विंचवर जी क्षमता लिहिलेली असते ती ड्रमवर पहिला थर असताना मिळते. पट्टा गुंडाळत जाईल तसा ड्रम जाड होतो आणि ओढ कमी होत जाते. ५० किलो ओढायला ६० किलोचे विंच घेऊ नका, ५०० किलोच्या आसपासचे घ्या. बाजारात १२०० पाउंड लिहिलेले मिळते, ते म्हणजे ५४४ किलो. दातांचे गुणोत्तर ४ ला १ असेल, हँडल ९ इंची आणि पट्ट्यासकट ड्रमची त्रिज्या दीड इंच, तर हिशोबाने २४ पट फायदा मिळतो. दातांचे घर्षण वजा केले तरी ५० किलोंच्या ओढीला हँडलवर तीन-चार किलो पुरतात. साठीच्या माणसालाही जमते.

दोन प्रकार मिळतात. एकात नुसते खटके असतात, दुसऱ्यात ब्रेक. एकट्याने काम करणाऱ्याने ब्रेकवालेच घ्यावे. खटक्याचे विंच सैल करताना हातातून हँडल सुटले की ते वेगाने उलटे फिरते आणि मनगट मोडते. ब्रेकवाल्यात हात सोडला तरी नाव जिथल्या तिथे राहते, आणि तुम्हाला मध्येच मागे जाऊन नाव सरळ करता येते. जोडीला दुसरा माणूस नसताना ही सोय सगळ्यात मोठी. तारेच्या दोराऐवजी दोन इंची पॉलिस्टर पट्टा लावा. तारेची एक शीर तुटली की ती तळहातात घुसते, आणि ताणलेली तार तुटून उडाली तर डोळा जातो. पट्टा पूर्ण सोडला तरी ड्रमवर तीन वेढे उरले पाहिजेत.

विंचचा खांब अशा उंचीचा हवा की नाव पूर्ण आत आल्यावर पट्टा कडीपासून ड्रमपर्यंत जवळजवळ आडवा राहील. खांबाला पुढे व्ही आकाराचा रबरी ठोकळा लावा, नावेचे नाक त्यात बसते आणि कडी त्याच्या लगेच खाली येते. हा खांबही ट्रॉलीच्या दांडीला यू-बोल्टनेच कसा. का ते पुढे सांगतो. आणि दांडीवर, ट्रॅक्टरच्या हुकापासून विंचपर्यंत, फूटभर रुंदीची खडबडीत पत्र्याची पायवाट करून घ्या. ओल्या पाईपवर चिखलाच्या पायाने तोल सांभाळत चालणे हा एकट्या माणसासाठी खरा अपघात आहे. विंचच्या खांबाला हाताने धरायला एक कडीही वेल्ड करा.

विंचला आत्ता पैसे नसतील तर एक कप्पी आणि दोर घ्या. कप्पी नावेच्या कडीला अडकवा, दोराचे एक टोक विंचच्या खांबाला बांधा, दुसरे कप्पीतून घेऊन ओढा. दोर दुप्पट ओढावा लागतो पण जोर निम्मा होतो, ५० चे २५ आणि कप्पीच्या घर्षणाचे थोडे वर. दोर सोडताना अडकवायला खांबावर एक खुंटी असू द्या.

आता तोलाची गोष्ट, आणि हिला मी सगळ्यात जास्त जपतो. बैलबंडी चालवलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. मागे ओझे जास्त झाले की बंडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या मानेला फास बसतो. पुढे जास्त झाले की सगळे ओझे खांद्यावर येते. नावेच्या ट्रॉलीचे तेच आहे, बैलाच्या जागी ट्रॅक्टरचा हुक. नावेसकट ट्रॉलीच्या एकूण वजनापैकी ७ ते १० टक्के भार हुकावर पडला पाहिजे. तुमची ट्रॉली १५० किलोची आणि सगळ्या सामानासकट नाव २५० ची धरली तर एकूण ४००, म्हणजे हुकावर २८ ते ४० किलो. हे मोजायला धानाचा काटा पुरतो. नाव बसवून ट्रॉली सपाट जागेवर उभी करा, चाकांना ओंडके लावा, दांडीचे तोंड हुकाच्या उंचीला एका लाकडी टेकूवर ठेवा, टेकू काट्यावर. काटा काय दाखवतो ते पाहा आणि टेकूचे वजन वजा करा.

भार कमी भरला तर ट्रॉली रस्त्यावर शेपूट हलवल्यासारखी डोलते आणि वेग वाढला की ते डोलणे आवरत नाही. इंजिन मागे असल्यामुळे नावांच्या ट्रॉल्या बहुधा अशाच, मागे जड निघतात. तेव्हा लगेच धुरा, म्हणजे चाकांचा आस, कापायला घेऊ नका. विंचचा खांब चार-सहा इंच पुढे सरकवा, नाव तितकी पुढे बसेल, पुन्हा काट्यावर घ्या. म्हणूनच मी यू-बोल्ट म्हणत होतो. खांब हलवून जमत नसेल तरच धुरा मागे घ्यायचा. नाव पुढे घेताना एवढे पाहा की तिचे मागचे बूड, जिथे इंजिन टांगलेले असते, ते शेवटच्या आधारावर टेकलेले राहील. बूड अधांतरी राहिले तर खड्ड्याखड्ड्याला इंजिनाच्या वजनाने ते तडकते.

हीच उलाळ एका ठिकाणी आपण मुद्दाम वापरतो. मामा तलावात मार्च-एप्रिलला पाणी पाळीपासून, म्हणजे तलावाच्या बांधापासून, लांब जाते. मध्ये जवळजवळ सपाट, ओली माती राहते. तिथे ट्रॉली पाण्यात बुडवताच येत नाही, चाके आधीच रुततात. अशा तलावासाठी दुमडती ट्रॉली करा. खालचा सांगाडा वेगळा, म्हणजे दांडी आणि धुरा. वरची चौकट, जिच्यावर रोलर आणि फळ्या आहेत, ती वेगळी, धुऱ्याच्या वर २५ मिलिमीटरच्या शाफ्टवर झुलणारी. शाफ्टला दोन्हीकडे ८ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या, आत बुश आणि ग्रीसचे निप्पल. पुढे चौकट दांडीला पिनने बांधलेली. पिन काढली की चौकटीचा मागचा भाग जमिनीला टेकतो. नाव ओढू लागलात की सुरुवातीला तिचे वजन धुऱ्याच्या मागे असते, चौकट खाली राहते. वजन धुरा ओलांडून पुढे आले की चौकट आपोआप पुढे पडते आणि नाव आडवी होते. उचलावे काहीच लागत नाही. पुढे पडते तेव्हा खाली बोटे नकोत. टेकते तिथे रबराचा जाड तुकडा लावा, आवाजही होत नाही आणि धक्काही बसत नाही.

पिन दोन ठेवा, एक १६ मिलिमीटरची आणि तिच्यासोबत दुसरी, दोन्हींना क्लिप. रस्त्यावर ही पिन निसटली तर मागची गाडी तुमच्या नावेखाली येईल. आणि ही सोय सपाट काठासाठीच आहे. धुरा जमिनीपासून दीड फुटावर आणि मागे साडेपाच फूट चौकट असेल तर ती खाली टेकल्यावर १५ अंशांचा चढ होतो. मुळातच ९-१० अंशांच्या उतारावर उभे राहून चौकट मोकळी केली तर दोन्ही मिळून २५ अंश होतात आणि सगळा फायदा पाण्यात जातो. गोसीखुर्दच्या उतारावर पिन लावलेलीच राहू द्या.

तिथला काठ वेगळ्याच कारणाने फसवा आहे. फुगवट्याखाली गेलेली जमीन म्हणजे कधीकाळच्या धानाच्या बांध्या (खाचरे). वरून एकसारखा उतार वाटतो, पण खाली शेताच्या बांधांच्या पायऱ्या आहेत. ट्रॉली मागे घेताना चाक एका बांधावरून पुढच्या बांधीत फूटभर खाली आदळते, नाव खांबातून निसटते किंवा ट्रॉलीचा धुरा वाकतो. ट्रॅक्टर पाण्याकडे वळवण्याआधी बांबू घेऊन स्वतः चालत जा, दोन्ही चाकांच्या रेषेत खुपसून पाहा. पाणी दर महिन्याला वेगळ्या उंचीवर असते, त्यामुळे गेल्या महिन्याची जागा या महिन्याला चालेलच असे नाही. चांगली जागा सापडली की काठावर दोन खुंट्या ठोका. जमीन मऊ असेल तर बांबूचे तट्टे चाकांखाली टाका, आपल्याकडे त्याहून स्वस्त आणि चांगले काही नाही. मच्छीमार संस्थेतर्फे ग्रामपंचायतीकडे मुरुमाचा उतार मागता येतो. पण तलावाची पाळ खोदून रस्ता करू नका आणि सांडव्यावरून ट्रॉली नेऊ नका. त्या पाळीवर खालच्या सगळ्या बांध्या जगतात.

ट्रॅक्टर नेहमी घट्ट जमिनीवर ठेवा. तेवढ्याने ट्रॉली पाण्यापर्यंत पोचत नसेल तर सहा-आठ फुटांची चौकोनी पाईपची जोडदांडी करून घ्या, काठावर आल्यावर लावायची आणि रस्त्यावर काढून ठेवायची. ट्रॉली हुकातून सोडून हाताने ढकलत खाली नेणे एकट्याने करूच नका. करावेच लागले तर आधी ट्रॉलीपासून ट्रॅक्टरपर्यंत जाड दोर बांधा, तो ताणलेला आहे हे पाहा, मग हुक काढा.

प्रत्यक्ष चढवण्याचा क्रम असा ठेवा. नाव काठाला नांगरून बांधा, मासळी आणि पेटी उतरवा, इंजिन वर उचलून अडकवा. ट्रॉली मागे घ्या. मागचा रोलर निम्मा पाण्यात गेला की थांबा. त्यापेक्षा खोल गेलात तर नाव रोलरवर टेकतच नाही, वर तरंगत राहते, आणि ट्रॉली बाहेर काढली की वाकडी बसते. ट्रॅक्टर गियरमध्ये टाकून बंद करा, हँडब्रेक ओढा, चाकांना दोन्हीकडे लाकडी पाचर लावा. नावेला एक लांब दोर पुढे आणि एक मागे बांधलेला असू द्या. दोन्ही दोर हातात घेऊन काठावरून चालत नाव खांबांच्या मध्ये आणता येते, पाण्यात उतरावे लागत नाही. नाक मागच्या रोलरवर आले की विंचचा पट्टा कडीत अडकवा आणि फिरवा. फिरवताना बाजूला उभे राहा, पट्ट्याच्या रेषेत नाही. नाव आणि ट्रॉलीच्या मागे तर अजिबात नाही. नाक ठोकळ्याला टेकले की आधी साखळी लावा, मग हात सोडा. ट्रॅक्टर दहा-पंधरा फूट पुढे सपाटीवर घ्या, तिथे पाणी निथळू द्या आणि मागचे दोन पट्टे कसा. विंचचा पट्टा रस्त्यावर नाव धरून ठेवण्यासाठी नसतो, मागचे पट्टे लागतातच.

हे करताना एकटे असाल तर लाइफ जॅकेट घालूनच करा आणि घरी कुठल्या काठावर आहात ते सांगून निघा.

चाकांच्या बेअरिंगबद्दल. रस्त्यावरून आलेला हब, म्हणजे बेअरिंग बसते तो चाकाचा मधला भाग, गरम असतो. तो तसाच थंड पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. पाण्यासोबत वैनगंगेची बारीक रेतीही जाते. काठावर पोचल्यावर पंधरा-वीस मिनिटे थांबा, हबला हात लावून पाहा, मग पाण्यात घाला. तेवढ्यात नाव आवरून होते. पाण्यात टिकणारे ग्रीस भरा आणि पावसाळ्याआधी एकदा व पाणी उतरल्यावर एकदा हब उघडून जुने ग्रीस काढा. ते पांढुरके, दुधासारखे दिसले तर पाणी गेले आहे, सील बदला.

वेल्डिंग करताना नाव ट्रॉलीवर नको, पेट्रोलची टाकी आसपास नको. जीआय पाईपवर वेल्डिंग करायचे तर जस्ताचा थर आधी घासून काढा आणि उघड्यावर काम करा, तो पांढरा धूर ताप आणतो. चौकोनी पाईपची तोंडे बंद करा किंवा खालून निचऱ्याची भोके पाडा, नाहीतर आतून गंजून एक दिवस पाईप दुमडतो. रस्त्यावर नेण्याची ट्रॉली आरटीओकडे नोंदलेली असावी लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदलेल्या वाहनाच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. रोलर, फळ्या, खांब हे बोल्टने बसवायचे सामान आहे. दुमडती चौकट किंवा धुरा हलवणे हा रचनेतला बदल, त्याआधी कार्यालयात विचारून घ्या. मागचे दिवे काढता येतील अशा पट्टीवर लावा, पाण्यात जाण्याआधी पट्टी उचलून बाजूला ठेवायची.

हीच ट्रॉली सुधारू की नवी बनवू, याचे उत्तर तुमच्या धुऱ्याजवळ आहे. ट्रॉली उलटी करा, दांडी आणि धुरा जिथे जुळतात ती जागा तारेच्या ब्रशने लख्ख घासा आणि हातोडीने ठोकत जा. आवाज खणखणीत येत असेल आणि वेल्डच्या कडेने केसासारखी भेग नसेल, तर हीच ठेवा आणि वरचे सगळे तिच्यावर बसवा. आवाज बद्द आला, पापुद्रे निघाले किंवा दांडीच मुळात एकाच ४० मिलिमीटरच्या अँगलची असेल, तर तिच्यावर रोलरचा खर्च करू नका. चाके, हब आणि हुक काढून घ्या, दांडी ७५ मिलिमीटरच्या चौकोनी पाईपची नवी घाला आणि चौकट नव्याने बांधा. त्या वेळी नाव वर्कशॉपमध्ये सोबत घेऊन या. तिच्या तळाचे माप कागदावरून नीट येत नाही, नाव समोर ठेवूनच रोलर लावावे लागतात.